कळवायला येणारी माणसं

मुलगी पळून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाकडची वडीलधारी माणसं मुलीच्या अंगणात येतात आणि "तुमची मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे, शोधाशोध करू नका," एवढं सांगून जातात. मोइरांगमध्ये काय आणि इम्फाळात काय, ही रीत सगळ्यांना पाठ. बापाने त्या वेळी रागवायचं असतं. मनातून खूश असला तरी रागवायचं. न रागावणाऱ्या बापाकडे पाहुणे संशयानेच बघतात.

म्हणून गौरमणीने त्या दिवशी उजाडायच्या आत ओसरी झाडून काढली, घरातले होते नव्हते तेवढे वेताचे मोढे बाहेर मांडले, पानाचं तबक पुसून ठेवलं, पांढरं धोतर नेसला, पांढरा फेटा बांधला आणि चेहऱ्यावर बेताचा राग आणून बसला.

राग आणणं त्याला जड नव्हतं. शुमांग लीलेत उभी हयात त्याने तेच काम केलं होतं. कुणाच्या तरी अंगणात खेळ लागायचा, चारी बाजूंना गाव बसायचं आणि मधोमध गौरमणी पळून गेलेल्या मुलीचा बाप व्हायचा. मुलीचं सोंग घेणारा गडी तेव्हा केळीच्या आड विडी ओढत असायचा. मुलाकडचे म्हातारे येऊन खाकरायचे आणि विचारायचे, "तुमच्या घरातून काही गेलंय का?" गौरमणी सगळ्यांकडे एकदा बघायचा, पान तोंडात सारायचा आणि सावकाश म्हणायचा, "सकाळी बदकं मोजली. भरली सगळी. आमच्या घरातून काही गेलेलं नाही."

एवढ्यावर लोक गडबडा लोळायचे. त्या बदकांनी त्याला 'ओजा' केलं. शाळेतल्या मास्तरांना आणि नाटकवाल्यांना, दोघांनाही इकडे ओजाच म्हणतात. पगार फक्त पहिल्यांना मिळतो. पुढे मात्र त्याने ते वाक्य टाकलं ते टाकलंच. लोक ओरडून मागायचे, तरी बोलायचा नाही.

तर असा हा रागवण्यात मुरलेला माणूस फेटा बांधून बसला होता, आणि अंगणात बदकांखेरीज कोणी येत नव्हतं.

अडचण एवढीच होती की पळून गेलेली थाजा त्याची मुलगी नव्हती. सून होती. त्याचा एकुलता एक मुलगा बिद्याजित ट्रक चालवायचा. जिरीबामच्या रस्त्यावर ट्रक दरीत गेला. त्यानंतर बायको इबेतोनही फार दिवस राहिली नाही. घरात उरली ती थाजा, सासरा आणि बदकं. थाजा मागावर बसायची, फनेक विणायची आणि विकायला इम्फाळला न्यायची. तिथे वांगखैमध्ये एका म्हातारीकडून ती सूत घ्यायची. त्या म्हातारीचा मुलगा खोगेन ढोलांना कातडं चढवायचा. कापड होतं तेवढंच होतं, पण हळूहळू इम्फाळच्या खेपा वाढल्या.

"वांगखैची म्हातारी सूत फारच थोडं थोडं देते वाटतं," गौरमणी एकदा जेवताना म्हणाला होता.

थाजाने मान खाली घालून त्याच्या पानात आणखी एरोम्बा वाढला. इतका तिखट, की त्याला पुढचं काही विचारताच आलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात शेकोटीपाशी त्यानेच सांगून टाकलं, "इबेमा, पोरी, माझ्यासाठी बसून राहू नकोस. मी काय, बसलेलाच आहे."

तिने शेकोटीत आणखी एक लाकूड सारलं. आणि काल दुपारी तिने दोन वेळचं रांधून ठेवलं, पाणी भरलं, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या चष्म्याच्या घरापाशी ठेवल्या आणि कापडाची पिशवी घेऊन निघाली. पिशवीतून धागा ठोकून बसवायची काळी लाकडी पट्टी डोकावत होती. ती पट्टी इबेतोनची. तिला तिच्या आईने दिलेली. कापड विकायला जाणारी बाई मागाची पट्टी बरोबर नेत नाही. गौरमणीने ती पाहिली आणि तो घाईघाईने चष्मा शोधू लागला, जो त्याच्या नाकावरच होता.

"येते, पाबुंग," असं म्हणून थाजाने वाकून नमस्कार केला. बाबांना इकडे पाबुंग म्हणतात. इम्फाळच्या खेपेला कोणी एवढा वेळ वाकून राहत नाही.

"ये," तो म्हणाला.

ऊन ओसरीवर चढलं तसा शेजारचा तोमचौ आला. हा तोमचौ जन्मापासून त्याच्या शेजारी राहत होता आणि जन्मापासून त्याची खोडी काढत होता. त्याने मोढ्यांची रांग बघितली, फेटा बघितला.

"काय रे ओजा, मिटिंग आहे का?"

"ऊन खातोय."

"एवढ्या मोढ्यांवर?"

"ऊन जिकडे सरकेल तिकडे सरकतो."

तोमचौ एका मोढ्यावर टेकला. कुंपणाकडे एकदा बघून म्हणाला, "ती माणसं नंबोलला गेली असतील, तिच्या भावाकडे. तुझ्याकडे कशाला येतील? तू कोण? मेलेल्या नवऱ्याचा बाप."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर फेटा काढ. माझी बायको कुंपणातून बघतेय आणि रडतेय. मला सकाळपासून चहा मिळालेला नाही."

गौरमणीने फेटा काढला नाही. "हे बघ तोमचौ," तो म्हणाला, "त्यांनी मला येऊन सांगितलं असतं, तर मी तिचा बाप ठरलो असतो. बाप ठरलो असतो, तर निंगोल चाक्कोबाला तिला जेवायला बोलावलं असतं. त्या दिवशी सगळ्या लेकी माहेरी जेवतात. नंबोलला जेवू दे दुपारी. संध्याकाळी इथे यावं. वर्षातून एकदा. एवढंच."

"बोलवायला भाऊ जातो. तुझ्याकडे भाऊ कुठाय?"

"तू जाशील."

"मी? मी तिचा भाऊ? माझ्या तोंडात दात नाहीत."

"चावायला नाही, बोलवायला जायचंय."

तोमचौ हसला नाही. उठता उठता म्हणाला, "येणार नाहीत रे ते. उगाच बसू नकोस."

कोणी आलं नाही. उन्हं कलेपर्यंत मोढे बाहेर होते आणि बदकं त्यांच्याखालून फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरमणी तोच फेटा बांधून इम्फाळच्या व्हॅनमध्ये बसला. मनात हिशेब साधा होता. कळवायला येणारे आले नाहीत, तर आपण जाऊन कळवून घ्यायचं.

इम्फाळला तो हजारदा आला होता, पण नाटकाचं सामान घेऊन. पोशाख अंगावर चढवून कधी नाही. गाडी शहरात शिरली आणि त्याने नेहमीसारखं चहूकडे पाहिलं. जिकडे बघावं तिकडे डोंगर. देवाने शहर टोपलीत घालून ठेवल्यासारखं. पळून जायला लांब कुठे जागाच नाही, म्हणूनच बहुधा इथले लोक एकमेकांच्या घरात पळून जातात.

तो केइशामपातला उतरला आणि आईबाजारात शिरला. तिथे गल्लीगल्लीने बायका बसलेल्या, सगळ्यांना इमा, म्हणजे आईच म्हणायचं. मासे, सुपाऱ्या, फुलं, कापड, आणि या सगळ्याहून जास्त बोलणं. केळी आणि पेरू मांडून बसलेल्या एका जाडजूड इमासमोर तो उभा राहिला.

"केळ्यांची चांगली फणी दे, इमा. मुलाकडून मुलीकडे न्यायच्या फळांत शोभेलशी."

बाईने त्याचा फेटा पाहिला. "मुलाकडचे का तुम्ही?"

"नाही, मुलीचा बाप."

"मग फळं कोणाला द्यायची?"

"मुलीच्या बापाला."

बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. "ऐक गं, हे काका स्वतःसाठीच मागणीची फळं घेतायत." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मुलाकडच्यांना हात नाहीत का?"

"हात आहेत. रस्ता चुकले. नंबोललाच थांबले."

"आणि मुलगी?"

"ती बरोबर पोचली."

बायका खळखळून हसल्या. त्याने फळं टोपलीत भरून घेतली. निघताना त्या जाडजूड इमाने न मागता वर विड्याची पानं आणि सुपारी ठेवली. हसणं आवरून नुसतीच बघत राहिली.

वांगखैमध्ये खोगेनचं घर शोधावं लागलं नाही. ढोलावर थापा पडत होत्या. कातडं नीट बसलं की नाही, ते बघणं चाललं होतं. गौरमणी फाटकातून आत आला तशी थाप थांबली. खोगेन उठून उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला, डोक्यावर केस कमी, हातांना ढोलाची काळी शाई. माणूस वाईट दिसत नव्हता. गौरमणीला मनातून वाटत होतं, जरा वाईट दिसता तर बरं झालं असतं.

घरात गडबड उडाली. खोगेनची आई पदर सावरत आली. त्याचा काका कुंजो धोतराचा सोगा खोचत आला. दाराआड कोणीतरी होतं. गौरमणीने तिकडे पाहिलं नाही.

"ओजा, तुम्ही?" कुंजो म्हणाला. "आम्ही काल नंबोलला जाऊन आलो. रीतीप्रमाणे कळवलं. तिचा भाऊ रागावला, चहाही दिला. आमची काही चूक झाली का?"

"अजिबात नाही," गौरमणी म्हणाला. "तुम्ही बरोबर गेलात. फक्त मोइरांगला यायचं राहिलं. म्हणून मी आलो. आता मला सांगा."

"काय सांगू?"

"कळवा."

कुंजोने खोगेनच्या आईकडे पाहिलं. तिने खोगेनकडे. खोगेनने ढोलाकडे.

गौरमणीने टोपली पुढे सरकवली. "आणि हे तुम्ही मला द्यायचं."

"तुम्ही आणलेलं तुम्हालाच?"

"येताना तुम्ही आणलंच असतंत. मी तुमची खेप वाचवली."

खोगेन पटकन पुढे झाला, त्याने मोढा आणला, गौरमणीला बसवलं, पाया पडला. हेही गौरमणीच्या मनाविरुद्ध चांगलंच झालं. चहा आला. कप आणून ठेवणाऱ्या हाताला सुताचे घट्टे होते. चहात साखर अर्धा चमचाच होती; एवढी मोजून या घरात त्याला कोण घालणार होतं?

चहा पिता पिता त्याने आपलं मागणं सांगितलं. निंगोल चाक्कोबा तोंडावर आलाय. दुपारी तिने भावाकडे जेवावं. संध्याकाळी मोइरांगला यावं, तासाभरासाठी. खोगेननेही यावं. मासा आपण स्वतः रांधू. मासा बिघडला तर बदकांना घालू आणि डाळ खाऊ.

खोगेनची आई सगळं ऐकून घेत होती. ती वाईट बाई नव्हती. बोलताना तिने त्याच्या कपात चहा भरला, पुढ्यात तिळाचे लाडू आणि पानाचं तबक ठेवलं, वारा घालावा तसा पदर हलवला.

"ओजा," ती म्हणाली, "तुमच्या खेळांना मी पायी चालत गेलेली बाई आहे. तुम्हाला मी नाही म्हणते, म्हणजे माझी जीभ कशी वळते ते मलाच माहीत. पण माझा हा एकच आहे. ढोलाशीच लग्न लागलं म्हणून मी आशा सोडली होती. आता घरात दिवा लागलाय. गेलेल्या नवऱ्याच्या घरचं जेवण, तिथलं येणंजाणं, तिथली वस्तू..." ती थांबली. "मला भीती वाटते. तुम्ही हसा मला. पण एक दोरा जरी तिकडचा राहिला, तरी तो माणूस तिला ओढतो म्हणतात. आणि तिला नाही, तर माझ्या पोराला."

"इमा, काय हे," खोगेन म्हणाला.

"तू गप्प बस. बाप आहेत ते. त्यांना कळतं."

गौरमणीने लाडू मोडला आणि तोंडात टाकला. मग बराच वेळ चावत बसला. तोमचौला दात नव्हते. याचे सगळे शाबूत होते, तरी लाडू उतरत नव्हता.

तो ताण कुंजोला सहन होईना. अशा वेळी भला माणूस जे करतो तेच त्याने केलं, विषय हसण्यावर न्यावा म्हणून तो उठला, नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, "ओजा, तुमच्या घरातून काही गेलंय का?"

खोगेनची आई हसली. खोगेनही कसनुसा हसला. कुंजोचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. आता बदकं येणार. वांगखैतल्या साध्या ओसरीवर, फक्त त्यांच्यासाठी.

हे वाक्य गौरमणीने टाकलं होतं, त्याचं कारण त्याच्या अंगणाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी अशीच माणसं आली होती. ट्रकवाल्यांच्या संघटनेची, ओळखीची नव्हेत. फाटकाशी घुटमळत होती. गौरमणीला वाटलं, खेळ ठरवायला आलेत. त्याने मोढे दिले, पान दिलं, एकदोन विनोदही केले. त्यांच्यातला एकजण चाचरत म्हणाला, "ओजा, बिद्याजित तुमचाच ना? तुमच्या घरातला..." आणि गौरमणीच्या तोंडून सवयीनेच निघून गेलं, "सकाळी मोजली. भरली सगळी. आमच्या घरातून काही गेलेलं नाही." माणसं हसली. काय करतील बिचारी, ते वाक्य होतंच तसं. आणि हसता हसता त्यातला सगळ्यात तरणा माणूस तोंड दाबून रडायला लागला. स्वयंपाकघरातून इबेतोन बाहेर आली ती रिकाम्या हातांनी. तिला कळलं होतं. गौरमणीलाच सर्वांत शेवटी कळलं. विनोद त्याचा होता ना.

आता कुंजो वाट बघत होता.

तेवढ्यात थाजा दारातून बाहेर आली. लाल काठाचं फनेक नेसलेली. तो रंग तिच्या अंगावर गौरमणीने बिद्याजितच्या लग्नानंतरच्या दिवसांत पाहिला होता, पुढे नाहीच. तिला तो शोभत होता. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. सासू काय बोलली ते तिने दाराआडून ऐकलेलं होतं.

"पाबुंग," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून तिने फडकं उलगडलं. इबेतोनची काळी पट्टी. मधोमध बायकांच्या हातांनी घासून घासून खोलगट झालेली. "ही मी... मला विचारायला हवं होतं. घेऊन जा तुम्ही. त्या घरची आहे."

ती रडत नव्हती. पट्टी मात्र दोन्ही हातांनी धरली होती, आणि देणारी माणसं वस्तू तशी धरत नाहीत. एवढं गौरमणीला कळत होतं. मागावर बसली की ती पट्टीशी बोलायची, इबेतोन बोलायची तशी. खोगेनची आई श्वास रोखून बघत होती. पट्टीने जावं असं तिला वाटत होतं, आणि म्हाताऱ्याची कीवही येत होती.

पट्टी घेतली तर थाजाचा हात रिकामा. न घेतली तर हा दोरा राहणार, आणि उद्या खोगेनच्या बोटाला सुई टोचली तरी या घरात त्या पट्टीकडे बघितलं जाणार. गौरमणीने चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला आणि पट्टी नीट निरखली. जणू पहिल्यांदाच बघत होता.

मग त्याने तबकातलं पान उचललं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पान तोंडात सारलं. कुंजो पुढे झुकला.

"सकाळी बदकं मोजली," गौरमणी सावकाश म्हणाला. "भरली सगळी. ही पट्टी आमची नाही. ही मुलगीही आमची नाही. आमच्या घरातून काही गेलेलं नाही."

कुंजो हसून मांडीवर थापा मारू लागला. खोगेनची आई तोंडाला पदर लावून हसली आणि मग तोच पदर तिने डोळ्यांना लावला, कारण सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं की काय दिलं गेलं. खोगेन हसला नाही. थाजा तशीच बसून होती. तिने पट्टी छातीशी धरली आणि वर बघितलं, आणि गौरमणीने त्या क्षणी पान चघळण्याकडे फार लक्ष दिलं.

"पाबुंग," ती पुन्हा म्हणाली.

"नंबोलच्या लोकांशी बोल, बाई," तो उठत म्हणाला. "मी रस्ता चुकून आलो."

खोगेन त्याला गाडीपर्यंत सोडायला आला. व्हॅन सुटायच्या वेळी खोगेन खिडकीशी वाकला. "ती चहात साखर किती घालते तुमच्या?" त्याने विचारलं. "मला परवापासून अर्धाच चमचा मिळतो."

"तिला सांग, तुला दोन घाल," गौरमणी म्हणाला. "तुझं वय आहे."

फळांची टोपली तिथेच राहिली होती. कोणी दिली, कोणी घेतली, ते काही ठरलं नाही.

संध्याकाळी मोइरांगला पोचला तर ओसरीवर तोमचौ बसलेला. मोढे त्याने आत नेले होते, एक सोडून. त्यावर तो स्वतः होता. थांगजिंग डोंगरामागे ऊन गेलं होतं.

"कळवलं का रे त्यांनी?"

"कळवलं."

"रागावलास?"

"रागावलो."

"चांगलं केलंस." तोमचौने जागा करून दिली. गौरमणीने फेटा सोडला आणि त्याच्या बाजूला जमिनीवरच बसला. कुंपणापलीकडे तोमचौची बायको नाक शिंकरत होती. मागाची दोरी खांबाला तशीच बांधलेली होती, पुढे काही नव्हतं.

"बदकं आत घेतली मी तुझी," तोमचौ म्हणाला.

"मोजलीस?"

"मोजली. भरली सगळी."

गौरमणीने सोडलेला फेटा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.

"परत मोज," तो म्हणाला.